लकवा झाला, ईसीजी चांगला आला, मग पुढे काय?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीचा हिशोब झाला, आता पाच मिनिटं मला द्या. आज माझ्या घरचीच गोष्ट सांगते.

माझ्या आजीला एका पहाटे लकवा मारला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात ईसीजी काढला. "ईसीजी चांगला आहे" एवढंच आमच्या ध्यानात राहिलं. आजी काठी घेऊन चालायला लागली आणि आम्ही फाईल पेटीत टाकली. त्या फाईलमध्ये टूडी इकोचा कागद होता. हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा झालाय, असं त्यावर लिहिलेलं. आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. आठ महिन्यांनी दुसरा झटका आला. आजी आजही अंथरुणावर आहे.

आता यामागचं कारण बघू. काही जणांचं हृदय मधूनमधून बेताल चालतं. तेव्हा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरतं ना, तसं तिथं साचलेल्या रक्ताची गाठ धरते. ती गाठ मेंदूत गेली की लकवा. याला डॉक्टर 'एएफ' म्हणतात. पण हा बेताल ठेका येतो आणि जातो. साधा ईसीजी दहा सेकंदांचा. त्या दहा सेकंदांत ठेका नीट असेल तर कागद चांगलाच येणार!

२०१४ साली 'क्रिस्टल एएफ' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लकव्याचं कारण न सापडलेल्या काही रुग्णांच्या छातीत, कातडीखाली एक छोटं यंत्र बसवून लक्ष ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या १०० पैकी सुमारे ३० जणांत लपलेला एएफ सापडला.

असं यंत्र महागडं, सगळ्यांना कसं बसवणार? इथंच इको कामाला येतो. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखणं नाही. त्यात डावा वरचा कप्पा मोठा दिसला, किंवा त्याची आवळण्याची ताकद कमी दिसली, तर लपलेला एएफ असण्याची शक्यता जास्त. म्हणजे कुणावर जास्त दिवस लक्ष ठेवायचं, ते इकोवरून कळतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. कप्पा मोठा म्हणजे एएफ आहेच असं नाही. एएफ सापडला तर बहुतेक वेळा ॲस्पिरिनऐवजी रक्ताची गाठ होऊ न देणारी वेगळी गोळी लागते. नुसत्या कप्प्याच्या बिघाडावरून ती गोळी दिली, तर ॲस्पिरिनपेक्षा जास्त फायदा होत नाही, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. शिवाय या गोळीनं रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून शेजारणीची गोळी आणून घेऊ नका, आणि चालू असलेली गोळी मनानं बंदही करू नका.

तुमच्या घरात कुणाला लकवा होऊन गेला असेल, तर आज घरी जाऊन फाईल काढा. इकोच्या कागदावर 'एलए' पुढे 'डायलेटेड' लिहिलंय का, ते शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा:

१. लकव्याचं कारण सापडलं का?
२. इकोमध्ये डावा वरचा कप्पा कसा आहे?
३. ठेका जास्त दिवस तपासायला हवा का? होल्टर लावायचा का?

लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या बायकांनी तेही आवर्जून सांगावं. त्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली असू शकते, आणि त्यातूनही एएफ होतो.

आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं, तर अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आपण कर्जाचा कागद चार वेळा वाचून घेतो, मगच अंगठा देतो. मग आपल्या माणसाच्या हृदयाचा कागद न वाचता पेटीत का टाकायचा? आमच्याकडून ती चूक झाली, तुमच्याकडून होऊ नये. पुढच्या बैठकीला येताना कुणी कुणी फाईल काढली, ते मी विचारणार आहे बरं का!