निवृत्तीनंतरची यात्रा



देवळाच्या या सुवर्णमहोत्सवांत, नोकरींतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या मंडळीस चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. पेन्शन सुरू होतांच यात्रेचा विचार मनांत येतो, तो योग्यच. परंतु यात्रेस सेवेकरी म्हणूनहि जातां येतें.

फ्रान्स देशीं पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं लूर्द गांव आहे. तेथें १८५८ सालीं बर्नादेत नांवाच्या मुलीस पवित्र मरियेचें १८ वेळां दर्शन घडलें. रुग्ण यात्रेकरूंच्या सेवेसाठीं १८८५ सालीं स्थापन झालेलें सेवामंडळ तेथें आजहि चालू आहे. देशोदेशींचे लोक, कोणी रजा काढून, कोणी निवृत्तीनंतर, तेथें कांहीं दिवस राबतात. खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. काम म्हणाल तर रुग्णांस स्थानकावर उतरवून घेणें, मिरवणुकींत त्यांच्या चाकांच्या खुर्च्या ढकलणें, जेवण वाढणें, भांडीं धुणें. जन्मभर हुकूम सोडलेल्या साहेबासहि खुर्ची कशी वळवावी हें एखाद्या विशींतल्या मुलीकडून शिकावें लागतें. आम्हां निवृत्तांस हें औषध फार गुणकारी आहे!

एक गोष्ट मात्र स्पष्टच बोलतों. आपल्याच गांवांत अंथरुणास खिळलेलीं माणसें आहेत, त्यांस रविवारीं मिस्सेला कोणी आणीत नाहीं. लूर्दला निघणाऱ्यानें आधीं एक महिना त्यांची खुर्ची ढकलून पाहावी. ज्यास लूर्दचें भाडें परवडत नाहीं, त्यानेंहि यावें. देवळाकडे चाकांच्या दोन खुर्च्या आहेत. येत्या रविवारीं पहिल्या मिस्सेपूर्वीं आम्ही तिघेजण दाराशीं उभे राहूं. चौथा हवा आहे.