हेलिकॉप्टर कोणाचे, जाब कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



लष्कराची अंतर्गत रचना हा विषय समाजवादी अभ्यासवर्गात सहसा निघत नाही. संरक्षणखर्च किती असावा, युद्ध न्याय्य की अन्याय्य, शस्त्रास्त्रांचा व्यापार कोणाच्या लाभाचा, या प्रश्नांवर चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु एखादे साधन सैन्यात कोणाच्या ताब्यात असते, त्याचा हुकूम कोण देतो आणि ते कोसळले तर जाब कोणाला विचारायचा, हा भाग सेनापतींचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः लोकशाहीत सत्ता कोठे मुरते हे पाहावयाचे तर अशाच जागी पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या लष्करी हेलिकॉप्टर-पथकांचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. एकच यंत्र तेथे तीन दलांत वाटले गेले आहे, आणि या वाटणीमागे युद्धशास्त्र जितके आहे तितकीच दलादलांतील भाऊबंदकी आहे.

आजची मांडणी साधारण अशी आहे. भूदलाचे स्वतःचे आर्मी एअर कोअर आहे. हल्ल्याची अपाची हेलिकॉप्टरे सफोकमधील वॉटिशम येथे तिसऱ्या व चौथ्या रेजिमेंटकडे असतात. टेहळणीची वाइल्डकॅट पहिल्या रेजिमेंटकडे आहेत, आणि ही भूदलाची रेजिमेंट राहते मात्र यॉव्हिल्टनला, म्हणजे नौदलाच्या विमानतळावर! जड ओझे उचलणारी दोन पंख्यांची चिनूक वायुदलाची. हँपशरमधील ओडिहॅम तळावर त्यांची ७, १८ आणि २७ क्रमांकांची स्क्वाड्रने आहेत. वायुदलाची पूमा हेलिकॉप्टरे मार्च २०२५ मध्ये सेवेतून काढण्यात आली. नौदलाच्या कमांडो हेलिकॉप्टर फोर्सची तीन स्क्वाड्रने रॉयल मरीन्सच्या कमांडोंसाठी राखलेली असतात. पाणबुड्या हुडकणारी नौदलाची हेलिकॉप्टरे याहून निराळी.

शब्दांचाही घोटाळा आहे. भूदलात रेजिमेंटचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल आणि तिच्यातील स्क्वाड्रनचा प्रमुख मेजर असतो. वायुदलात स्क्वाड्रनच विंग कमांडरकडे असते, आणि विंग कमांडर हा लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा. म्हणजे ‘स्क्वाड्रन’ हा एकच शब्द दोन दलांत दोन निरनिराळ्या आकारांच्या पथकांना लावला जातो.

याहून महत्त्वाचा भेद वैमानिकाच्या दर्जाचा आहे. वायुदलात व नौदलात हेलिकॉप्टर चालवणारा हा कमिशन मिळालेला अधिकारीच असावा लागतो. भूदलात तसे नाही. तेथे सार्जंट, स्टाफ सार्जंट, वॉरंट ऑफिसर, म्हणजे आपल्याकडील हवालदार-सुभेदारांच्या पायरीवरची माणसे वैमानिक होतात. साधा शिपाई म्हणून भरती झालेला माणूस निवड व प्रशिक्षण यांतून पार पडला तर तोही अपाचीच्या आसनावर बसू शकतो. यंत्राचा कमांडर कोण हेही केवळ हुद्द्यावर ठरत नाही, अनुभवावर ठरते. म्हणून शेजारी कॅप्टन बसलेला असताना हुकूम सार्जंटचा चालतो, असेही तेथे घडते. भूदलाने हा वारसा महायुद्धकालीन ग्लायडर पायलट रेजिमेंटकडून घेतला. आणि त्या महायुद्धात वायुदलातही सार्जंट वैमानिक हजारोंनी होते, हे विसरता येत नाही. माणसांची निकड होती तेव्हा जे चालले, ते शांततेच्या काळात चालेनासे झाले! एका दलात सार्जंट जे काम उत्तम करतो, त्याच कामाला दुसऱ्या दलात अधिकारीच हवा, या आग्रहाला उड्डाणशास्त्रात आधार नाही. तो शोधायचा तर ब्रिटिश समाजाच्या वर्गरचनेतच शोधावा लागेल.

ही वाटणी झाली कशी? ब्रिटिशांच्या लष्करी हेलिकॉप्टरची पहिली खरी कसोटी वसाहतीत लागली. मलायातील बंड मोडण्यासाठी १९५० मध्ये वायुदलाने जखमींना जंगलातून काढणारे छोटे पथक उभारले आणि १९५३ मध्ये नौदलाचे ८४८ स्क्वाड्रन सैनिक वाहून नेऊ लागले. १९५५ मध्ये मिडल वॉलप येथे भूदल व वायुदल यांचे एक संयुक्त प्रायोगिक पथक स्थापन झाले. पुढील वर्षी सुएझवरील त्या लज्जास्पद स्वारीत, ६ नोव्हेंबर १९५६ रोजी, या पथकाने नौदलाच्या स्क्वाड्रनसमवेत सुमारे चारशे मरीन्स ‘ओशन’ आणि ‘थीसियस’ या जहाजांवरून पोर्ट सैदच्या किनाऱ्यावर उतरवले. हे काम दीड तासाच्या आसपास आटोपले. स्वारीचा हेतू निंद्य होता, परंतु तिन्ही दले एकत्र काम करू शकतात एवढे तिने सिद्ध केले. निष्कर्ष मात्र उलटाच निघाला. १९५९ च्या अखेरीस ते संयुक्त पथक मोडून वायुदलाचे २२५ स्क्वाड्रन करण्यात आले. त्याआधी १९५७ मध्ये आर्मी एअर कोअर जन्मले तेव्हाच त्याच्यावर अट लादली गेली होती की त्याची विमाने चार हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे अठराशे किलोंहून, जड असता कामा नयेत. ही मर्यादा पुढे सैल झाली, तरी जड हेलिकॉप्टरे वायुदलाच्या पदरात पडली ती पडलीच. चिखलात उभ्या असलेल्या शिपायाला ज्या यंत्राची गरज, ते अशा दलाच्या हाती गेले ज्याचे सारे लक्ष त्या काळी अणुबाँब वाहणाऱ्या विमानांत गुंतले होते.

मोडलेला प्रयोग पुन्हा मांडायला चाळीस वर्षे लागली. मजूर पक्षाच्या सरकारने १९९८ मध्ये संरक्षणधोरणाचा फेरआढावा घेतला आणि १ ऑक्टोबर १९९९ रोजी जॉइंट हेलिकॉप्टर कमांड अस्तित्वात आले. २०२४ मध्ये त्याचे नाव जॉइंट एव्हिएशन कमांड झाले. भूदलाच्या छत्राखाली असलेल्या या कमांडचे प्रमुख कधी वायुदलातून, कधी भूदलातून, कधी नौदलातून आले. रणभूमीवरील हेलिकॉप्टरांचा सराव, सज्जता आणि मोहिमेवरील पाठवणी एका हाती आली, हे निश्चितच चांगले झाले. तरीपण वैमानिकाचा गणवेश, बढती आणि हुद्दा ज्याच्या त्याच्या दलाकडेच राहिला. चूल एक झाली, सातबारा तिघांच्या नावे राहिला.

आणि खरेदी? ती या कमांडच्या हातात नव्हतीच. १९९५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने बोइंगकडे आठ चिनूक मार्क-३ मागवली, त्यांची किंमत सुमारे २६ कोटी पौंड होती. ती २००१ मध्ये आली. त्यांतील संगणकप्रणाली सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी लागणारी माहिती मिळण्याची तरतूद करारात नीट केलेली नव्हती. परिणामी जमीन स्पष्ट दिसेल अशा निरभ्र हवेतच ती उडवण्यास परवानगी मिळाली. लढाईसाठी घेतलेली यंत्रे कोठारात बसून राहिली. शेवटी सुधारणा उलट्या फिरवून, जुन्या नमुन्यासारखी करून ती २००९-१० मध्ये वापरात आली, तोवर एकूण खर्चाचा अंदाज ४० कोटी पौंडांपलीकडे गेला होता. मध्यंतरी २००४ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने रणभूमीवरील वहनक्षमतेत ३८ टक्क्यांपर्यंत तूट असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी सरकारने भावी हेलिकॉप्टरांच्या तरतुदीत १४० कोटी पौंडांची कपात केली.

हेल्मंदमध्ये या हिशेबाची किंमत शिपायांनी मोजली. हवाई वाहन नाही म्हणून रस्त्याने जायचे, आणि रस्त्यात सुरुंग. जुलै २००९ मध्ये खुद्द भूदलप्रमुख जनरल डॅनट अमेरिकी हेलिकॉप्टरमधून तेथे फिरले आणि ब्रिटिश हेलिकॉप्टर नसल्यामुळेच असे करावे लागले, हे त्यांनी उघड बोलून दाखवले. कमांड संयुक्त होते, परंतु वाटायला पुरेसे काही नव्हते. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या मंत्र्याने याची जबाबदारी घेतली? पद कोणाचेही गेले नाही.

जबाबदारी खाली कशी सरकते याचा याहून विदारक दाखला २ जून १९९४ चा आहे. उत्तर आयर्लंडमधील गुप्तवार्ता खात्यांचे २५ जण घेऊन निघालेले वायुदलाचे चिनूक मार्क-२ स्कॉटलंडमधील मल ऑफ किनटायर या धुक्याने झाकलेल्या टेकडीवर आदळले आणि चार कर्मचाऱ्यांसह २९ जण मृत्युमुखी पडले. हा नमुना सेवेत नवाच होता, आणि त्याच्या एंजिन-नियंत्रक प्रणालीविषयी चाचणी-केंद्रातील तज्ज्ञांना गंभीर शंका होत्या. चौकशी मंडळाने जोनाथन टॅपर व रिचर्ड कुक या वैमानिकांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला नव्हता. मृत वैमानिकांना, तिळमात्र शंका नसेल तरच, दोषी धरावे, असा वायुदलाचा स्वतःचाच नियम होता. तरीही अहवालाची छाननी करणारे रॅटन आणि डे हे दोन वरिष्ठ अधिकारी १९९५ मध्ये ‘घोर हलगर्जीपणा’ असा निर्णय देऊन मोकळे झाले. ज्या दलाने तो नमुना सेवेत घेतला, त्याच दलाचे अधिकारी न्याय करण्यास बसले होते. स्कॉटलंडमधील न्यायालयीन चौकशी झाली, उमराव सभेच्या समितीने २००२ मध्ये हा निर्णय टिकणारा नाही असे म्हटले, तरी मंत्रालय हलले नाही. जुलै २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या अहवालानंतर तो रद्द झाला आणि मंत्र्यांनी कुटुंबीयांची क्षमा मागितली. सतरा वर्षे गेली. दरम्यान २०१० मध्ये, एका निमरॉड विमानाच्या अपघाताच्या चौकशीतून, उड्डाणयोग्यतेवर देखरेख करणारी स्वतंत्र लष्करी यंत्रणा उभी राहिली होती, पण तीही मंत्रालयाच्या आतच.

हा वाद केवळ इंग्रजांचा नाही. भारतात भूदलाचे आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजी वायुदलापासून वेगळे झाले आणि त्याच्या वैमानिकांचे प्रशिक्षण विद्यालय आपल्या नाशिकला आहे. हल्ल्याची हेलिकॉप्टरे मात्र वायुदलाने सोडली नाहीत. २०१२ मध्ये सरकारने यापुढील खरेदी भूदलासाठी करण्याचे ठरवले. त्यातूनच वायुदलाकडे २२ अपाची असताना भूदलासाठी वेगळी सहा मागवण्यात आली, आणि त्यांतील पहिली जुलै २०२५ मध्ये आली. चिनूक येथेही वायुदलाकडेच आहेत. तिन्ही दलांची एकत्रित रचना उभारण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ वायुदलाच्या हेलिकॉप्टरच्या अपघातात मरण पावले. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात अपघातांचा एक तक्ता आला, त्यात या अपघाताच्या कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक (उड्डाणकर्मचारी)’ एवढीच नोंद आहे.