दुखण्याचे माप

(टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत एक दिलासा आहे. उशिराने का होईना, आजार जातो. परंतु काही दुखणी अशी असतात की, ती एकदा घरात शिरली म्हणजे कायमचे बिऱ्हाड करून राहतात. अशा दुखण्यासह धंदा आणि प्रपंच कसा चालवावा, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. मी वैद्य नाही. याच गावात तीस वर्षे शिवणयंत्रावर बसलेला मी एक शिंपी आहे आणि त्यांपैकी सोळा वर्षे माझी कंबर दुखत आहे. माझा अधिकार काय तो एवढाच.

आपला व्यवसाय बैठा आहे. मान खाली, पाठ वाकलेली आणि नजर सुईच्या टोकावर, अशा स्थितीत दिवस सरतो. तथापि हे दुःख केवळ आपले आहे असे मात्र नाही. सन २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. याचा अर्थ असा की, वरून जखम दिसत नाही म्हणून दुखणे खोटे, हे म्हणणे आता शास्त्रासही मान्य नाही. घरातील सून किंवा म्हातारी आई ‘दुखते’ म्हणाली तर तिला बहाणेखोर ठरविण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

आता माझी चूक सांगतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायाने मी पहिली कित्येक वर्षे माझे दुखणे झाकून ठेवले. गिऱ्हाइकास कळले तर काम दुसरीकडे जाईल, ही भीती. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणाव्या, गिळाव्या आणि पुन्हा यंत्रावर बसावे, असा क्रम चालला. एका लग्नसराईत मी नेहमीइतकेच काम अंगावर घेतले. ऐन वेळी कंबर अशी धरली की कूस बदलता येईना. एका नवरदेवाचा पोशाख तयार झाला नाही. तो मुलगा मावसभावाचा कोट घालून बोहोल्यावर उभा राहिला. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या घरचे कापड पुन्हा माझ्या दुकानात आले नाही. पुढे गोळ्यांनी पोटात व्रण झाला, रुग्णालयात राहावे लागले आणि व्याजाने पैसे काढावे लागले. दुखण्याने जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक ते लपविण्याने केले.

त्या वेळी घरातून एक शब्द आला, तो मी विसरलो नाही. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, साऱ्या गावाचे माप तुम्ही घेता, एकदा आपल्या दुखण्याचेही घ्या की!” आम्ही एक वही घातली. केव्हा दुखते, किती वेळ बसले की दुखते, कोणत्या कामाने वाढते, हे तिने महिनाभर लिहून ठेवले. त्यातून दिसले की, सकाळचे पहिले दोन तास माझे चांगले जातात आणि सलग अर्ध्या तासाहून अधिक बसणे मला सोसत नाही. पूर्वी मी दिवसाला आठ पोलकी शिवीत असे. आता पाच शिवू शकतो. पाच हे माझे खरे माप ठरले. कापड जेवढे असेल तेवढ्यातच अंगरखा बेतावा लागतो, हे आपण शिंप्यांनी नव्याने शिकायचे काय?

या ठिकाणी मला कै. बाबा आमटे यांची आठवण होते. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच शक्य होते. तरीही सन १९८५ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा नेली. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात बिछान्यावर पडून त्यांच्यासह प्रवास करीत होते. ते थोर होते, आपण सामान्य आहोत. हे मला मान्य आहे. परंतु बसता येत नाही ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. वाहनात बिछाना घातला आणि काम पुढे चालविले. एवढे अनुकरण सामान्य माणसालाही करता येते.

मी काय केले, ते सांगतो. कापड बेतण्याचे काम जमिनीवर बसून करीत असे, ते उंच मेजावर उभ्याने करू लागलो. यंत्रास विजेची मोटार बसविली. काज-बटणाचे काम शेजारच्या एका भगिनीस मजुरीने दिले. गिऱ्हाइकास स्पष्ट सांगू लागलो की, तारीख चार दिवस पुढची मिळेल, पण ती चुकणार नाही. काही गिऱ्हाइके गेली. राहिली ती अधिक विश्वासाची झाली. घरात पैशाचे तीन डबे केले: एक घरखर्चाचा, एक औषधाचा, एक कर्जफेडीचा. लग्नसराई, शाळेचे गणवेश आणि दिवाळी या तीन हंगामांत येणाऱ्या पैशातून औषधाचा डबा प्रथम भरावयाचा, असा नेम आहे. व्याजाचे कर्ज अशा रीतीने तीन वर्षांत फिटले.

उपचारांविषयी एकच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णास नीट समजावून सांगणे आणि व्यायाम यांस महत्त्व आहे. कमरेचे पट्टे व वजन लावून ओढणे यांची सरसकट शिफारस नाही. यास्तव पट्ट्यांवर पैसा घालण्यापूर्वी जाणत्या डॉक्टरांस विचारावे. पायातील शक्ती गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

सरकारी योजनांचा लाभही घ्यावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाखापर्यंत व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. जे बांधव सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी सन २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे २० वे कलम ध्यानात ठेवावे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्यास काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते.

परंतु यात एक फट राहते. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळीचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च तीत बसत नाही. आपल्या मंडळाच्या साहाय्यनिधीची रीतही तीच आहे. शस्त्रक्रियेस मदत मिळते, मृत्यूनंतर मिळते. परंतु जो मरत नाही आणि बराही होत नाही, त्याच्यासाठी नियमात जागा नाही.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. निधीचा काही भाग दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या कुटुंबांस बिनव्याजी कर्जरूपाने द्यावा. हप्ता कमाईच्या हंगामात घ्यावा, मंदीत मागू नये. अर्जदाराचे नाव या स्मरणिकेत छापू नये. आणि ज्यांच्याकडे काम अधिक आहे, त्यांनी घरी बसून करता येईल असे काम प्रथम अशा बांधवास द्यावे. दान घेताना मान खाली जाते. काम घेताना ती ताठ राहते.

सोळा वर्षांत माझी कंबर बरी झाली नाही आणि ती होईल असे वचन मी कोणास देऊ शकत नाही. परंतु मागील पाच वर्षांत माझी एकही तारीख चुकलेली नाही. आज या सभेत कोणी आपले दुखणे मुठीत झाकून बसले असेल, तर त्याने घरी जाऊन आधी एक वही घालावी आणि घरच्यांस खरे माप सांगावे.

 बराच वेळ उभा राहिलो. आता बसण्याची परवानगी असावी.