नाक्यावरच्या नोंदी



फुलांची ओझी घेऊन
विरारची पहाटेची लोकल गाठणारी माणसं
आगाशीत कुणाला नवी नाहीत.

पॅलेस्टाइनचे मजूरही असेच अंधारात निघत.
पण बेथलेहेमहून जेरुसलेमला जाताना
वाटेत इस्रायली लष्कराचा नाका.
परवाना दाखवायचा.
ओळखपत्र दाखवायचं.
लोखंडी फिरत्या दारातून एकेकानं सरकायचं.

2001 साली काही इस्रायली स्त्रिया
अशा नाक्यांवर जाऊन उभ्या राहू लागल्या.
त्यांची संघटना, मख्सोम वॉच.
सगळ्या स्त्रिया, सगळ्या स्वयंसेविका.

त्या पाहतात आणि लिहून ठेवतात.
तपासणीच्या खिडक्या किती उघड्या होत्या?
रांग किती वेळ खोळंबली?
कुणाला परत पाठवलं?
कधी लष्कराच्या कार्यालयात फोनही लावतात.

आणि समोरचा सैनिक त्यांच्याच देशाचा,
कित्येकदा नातवाच्या वयाचा!
मला तरी हे सोपं वाटत नाही.

पुन्हा सांगते,
त्या पाहतात आणि लिहून ठेवतात.

2023च्या ऑक्टोबरनंतर
बहुतेक मजुरांचे परवाने बंद झाले.
शेतकऱ्यांची अडचण त्याआधीपासूनची.
घर इस्रायलनं उभारलेल्या भिंतीच्या अलीकडे, शेत पलीकडे.
मधली काही फाटकं तर
फक्त ऑलिव्हच्या तोडणीपुरती उघडत.
ती वेळेवर उघडली का,
याचीही नोंद या बायका करत आल्या आहेत.