जुन्या पिकअपची किंमत कशी काढावी

आजचा विषय साधा, बाजारातला आहे. आठ-दहा वर्षं राबलेली पिकअप विकायची असेल, तर तिची किंमत काय धरायची? आणि घ्यायची असेल, तर कुठवर जायचं?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, कारण मी राहतो बेळगावात आणि आमच्या सीमेच्या पलीकडे गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा सगळा फौजी मुलूख आहे. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून जवान घरी येतो, हातात आलेल्या पैशातून पिकअप घेतो. कुणी दूध वाहतो, कुणी काजू, कुणी बेळगावची भाजी चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात पोचवतो. घर आणि जमीन सोडली तर त्या कुटुंबाची सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे ती गाडी. आणि ती विकताना मात्र किंमत ठरवतो येणारा दलाल.

गेल्या वर्षी एका हवालदाराच्या पत्नीचा फोन आला. यजमान पावसाळ्यात गेले. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, फी भरायची होती. दारात २०१७ ची बोलेरो पिकअप उभी. "साहेब, एकजण दोन लाख वीस हजार देतोय. विम्याच्या कागदावर पण दोन लाख दहाच लिहिलंय. देऊन टाकू का?" मी म्हटलं, "वहिनी, चार दिवस थांबा. त्याच्याकडून इसार घेऊ नका. आधी हिशेब करू."

त्या विम्याच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे फार लोक फसतात. विमा कंपनी गाडीची जी किंमत लिहिते, ती भरपाईसाठी असते. पाच वर्षांपर्यंत तिचा ठरलेला तक्ता आहे: वर्षाच्या आत १५ टक्के घट, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि कंपनी व मालक आपसात आकडा ठरवतात. हप्ता थोडा कमी बसावा म्हणून तो पुष्कळदा खालीच लिहिला जातो. त्याचा बाजाराशी संबंध नाही. दुसरा आकडा आयकराचा. भाड्याने चालणाऱ्या मालगाडीवर दरसाल ३० टक्के घसारा धरतात. सात लाखांना घेतलेली गाडी आठ वर्षांनी वहीत चाळीस हजारांची उरते. म्हणून कुणी चाळीस हजारांना देईल का? आणि तिसरा आकडा आपल्या मनातला: "आम्ही सात लाख घातले, वर दीड लाखाचं इंजिनकाम केलं." घेणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नाही.

घेणारा एकच गोष्ट विकत घेतो: ही गाडी अजून किती दिवस कामाला जाईल. किंमत तिथून काढायची.

आम्ही वहिनींच्या गाडीची कशी काढली ते सांगतो. आकडे त्या भागातले आणि त्या वेळचे आहेत. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला असाल तर तुमचे घाला, पद्धत तीच राहील.

पहिली गोष्ट, तशीच नवी गाडी आज कितीला पडते. तेव्हा केवढ्याला घेतली हे विसरायचं. इथे एक मोठा बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह दहा लाखांची गाडी नऊ लाख बावीस हजारांच्या आसपास आली. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते, हे त्याआधीचे भाव डोक्यात धरून बसलेल्या माणसाला पटत नाही. विमा, कर, नोंदणी धरून नवी गाडी रस्त्यावर यायला दहा लाख लागतात असं आम्ही धरलं.

ती पंधरा वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात पन्नास हजार येतील. म्हणजे साडेनऊ लाख पंधरा वर्षांत वाटले गेले, वर्षाला साधारण त्रेसष्ट हजार. आपल्या गाडीची सात वर्षं उरलीत. सात त्रेसष्टे चार लाख एक्केचाळीस हजार, अधिक भंगाराचे पन्नास. झाले चार लाख नव्वद. पण जुनी गाडी नव्यापेक्षा जास्त दुरुस्ती मागते, अधूनमधून उभी राहते. त्यापोटी वर्षाला वीस हजार वजा केले, सात वर्षांचे एक लाख चाळीस. उरले साडेतीन लाख.

मग दुसऱ्या वाटेने गेलो. त्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या, महाराष्ट्र पासिंगच्या सहा गाड्यांच्या जाहिराती काढल्या. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची सोडून दिली. उरलेल्यांना फोन केले. फोन करणं महत्त्वाचं, कारण जाहिरातीत असते ती मागणी, भाव नव्हे. दोन महिने तशीच पडून राहिलेली जाहिरात आपल्याला एवढंच सांगते की त्या किमतीला गाडी जात नाही. "विकली" असं ज्यांनी सांगितलं, त्यांना सरळ विचारलं, कितीला? दोघांनी सांगितलं. मागणी चार लाखांच्या वर, सौदा साडेतीन ते पावणेचारच्या मध्ये. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन पोचल्या. हे आकडे एकमेकांपासून लाखभर लांब पडले असते तर कुठलंतरी गृहीतक तपासावं लागलं असतं.

आता गाडी बघायची. माझं म्हणणं असं की मीटर शेवटी बघा. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते, कुठे गेली, किती चालली, रोजच्या रोज लिहिलेलं. बाहेर तशी वही नाही, म्हणून तोंडी हिशेब करायचा. दिवसाला ऐंशी किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, आठ वर्षांत एक लाख ब्याण्णव हजार. भाजीच्या लाइनवर आठ वर्षं चाललेली गाडी नव्वद हजार दाखवत असेल, तर क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. मीटर फिरवता येतं, पण झिजलेलं पेडल खोटं बोलत नाही.

किलोमीटरपेक्षा ओझं आणि रस्ता जास्त सांगतात. दुधाचे कॅन वाहिलेली दोन लाखांची गाडी, विटा आणि वाळू वाहिलेल्या एक लाखाच्या गाडीपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. हौद्याखाली वाकून चेसिस बघा, विशेषतः मागचे पाटे जिथे धरलेले असतात तिथे. वेल्डिंगचे डाग, भेगा, एक बाजू दबलेली, हे दिसलं की ती गाडी क्षमतेपेक्षा जास्त वजन घेऊन चालली आहे. घाटातल्या गाडीचे क्लच आणि ब्रेक आधी जातात. गोव्यातल्या किंवा कोकण किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज वरून रंगाखाली झाकता येतो, खालून येत नाही. इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आत गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन मारतंय का बघा. धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. एवढं कुठलाही मेकॅनिक अर्ध्या तासात सांगतो. त्याला पाचशे रुपये द्या आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीतला नको.

वहिनींच्या गाडीचं इंजिन चांगलं होतं. दोन टायर गेलेले, चौदा हजार. क्लच बारा हजार. विमा संपत आलेला. या वर्गातल्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच सोळा हजारांच्या वर. म्हणजे घेणारा चाळीस-पंचेचाळीस हजार कापणार, आणि त्याचं बरोबर आहे. साडेतीनातून ते गेले की तीन लाख पाच हजार. मागणी तीन साठ ठेवायची आणि तीनच्या खाली यायचं नाही, असं ठरलं.

मग दलाल दोन वीसवर का होता? दलाल चोर असतो असं मी म्हणत नाही. त्याला गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असते, पैसा अडकतो, नोंदणीकृत व्यापारी असेल तर नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तीस-चाळीस हजार त्याने राखले तर मी भांडणार नाही. पण इथे त्याने आणखी पन्नासएक हजार कापले होते, आणि ते गाडीचे नव्हते, कागदांचे होते.

कागद काय होते? पासिंग संपलं होतं. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं पासिंग मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. कर्ज २०२१ मध्येच फिटलेलं, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलाच नव्हता. असं घरोघरी असतं. शेवटचा हप्ता भरला की माणूस सुटलो म्हणतो. आणि गाडी अजून यजमानांच्या नावावर. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. बोजासाठी फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचा दाखला. त्या दाखल्याला मुदत असते, जुना चालत नाही, नवा मागावा लागतो. कंपनीने तीन आठवडे घेतले. पुतण्याने कोल्हापूरला चार खेपा घातल्या. वारसनोंद आणि बोजा मिळून, एजंटचं धरून, साडेअकरा हजार खर्च आला. पासिंगला, लाइट, रिफ्लेक्टर पट्ट्या, किरकोळ पत्र्याचं काम धरून पंधरा हजार.

विकण्याआधी गाडीवर काय खर्च करावा, असं पुष्कळजण विचारतात. कागद आणि पासिंग करा. टायर करू नका. तुम्ही चौदा हजार घालाल, घेणारा सात वाढवील. नवा रंग तर मुळीच नको. ताजा रंग दिसला की जाणकार माणूस विचार करतो, खाली काय लपवलंय?

गाडी आजऱ्याच्या एका काजूवाल्याने तीन लाख वीस हजारांना घेतली. खर्च वजा जाता वहिनींच्या हातात दोन लाख त्र्याण्णव आले. दलालाच्या आकड्यापेक्षा त्र्याहत्तर हजार जास्त.

बेळगावातलाही एक गिऱ्हाईक होता, तो दोन ऐंशीच्या वर येईना, आणि तेही समजण्यासारखं आहे. एमएच-०९ ची गाडी कर्नाटकात कायम चालवायची तर फॉर्म २८ ची एनओसी, बारा महिन्यांच्या आत नवा नंबर, इथला कर पुन्हा भरायचा आणि तिकडचा परत मागत बसायचं. गाडी तीच, पण राज्याची सीमा ओलांडली की किंमत उतरते. तुमच्यापैकी जे परराज्यांत आहेत त्यांनी गावाकडची गाडी स्वस्त वाटली तरी हा खर्च आधी मांडावा. दिल्ली परिसरातून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचंही तसंच. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण न्यायालयांत फिरत आहे. स्वस्ताईचं कारण गाडीत नसून नियमात असू शकतं. आरसीवर बीएस-३ आहे की बीएस-४, हेही पाहा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-३ ची विक्री थांबली, त्यामुळे २०१७ च्या गाड्यांत दोन्ही सापडतात, आणि यापुढची बंधनं आधी बीएस-३ वर येतील असं मला वाटतं.

भाव ठरल्यावरचं शेवटचं काम म्हणजे नाव. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद देऊ नका. "साहेब, नंतर करतो ट्रान्सफर" असं म्हणणाऱ्याला किल्ली देऊ नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण निकाली निघालं. गाडी एकामागून एक कितीतरी हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं. आम्ही काजूवाल्याकडून पन्नास हजार मागे ठेवायला सांगितले नाहीत, उलट पूर्ण पैसे बँकेत आल्यावर त्याला घेऊनच अर्ज भरला, पावतीचा फोटो काढला, वहिनींच्या खात्याला जोडलेला फास्टॅग बंद केला, आणि ई-चलन काही राहिलंय का ते त्याच्यासमोर बघितलं. दोन चलनं निघाली, हजार रुपयांची. ती वहिनींनी भरली.