एजंट घर दाखवतो, खात्री आपण करायची

निवृत्तीनंतर घर घेणारा माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घर घेतो. एजंटचा तो रोजचा धंदा. त्याचा अनुभव जरूर वापरा. पण फौजेत आम्ही म्हणायचो, वाटाड्या वाट दाखवतो, निर्णय कमांडरचा. इथे कमांडर तुम्ही.

पहिला प्रश्न: तुमची दलाली कोण देणार? विकणाराही देत असेल, तर तो फक्त तुमचा माणूस नाही. रक्कम, आणि ती कधी द्यायची, हे आधीच लिहून घ्या.

दुसरा प्रश्न: रेरा नोंदणी क्रमांक काय? २०१६च्या कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. नसेल तर दिवसाला १० हजार रुपये दंड. क्रमांक छत्तीसगड रेराच्या संकेतस्थळावर तपासा. जुनं घर घेताना हे कवच बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा.

तिसरी गोष्ट कागदांची. भिलाईत टाउनशिपची जमीन स्टील प्लांटची. तिथलं लीजवरचं क्वार्टर म्हणजे मालकीचं घर नव्हे. लीजच्या अटी प्लांटच्या नगर सेवा विभागातच विचारा. बाहेर प्लॉट घेताय? आपल्याकडे सातबारा, तसे इथे बी-१ आणि खसरा. ‘भुइयां’ संकेतस्थळावर दिसतात. जमीन शेतीची असेल, तर घरासाठी ‘डायव्हर्जन’ झालंय का, ते बघा.

गेल्या वर्षी एका निवृत्त सुभेदारांबरोबर मी प्लॉट बघायला गेलो होतो. एजंट म्हणाला, “साहेब, आजच बयाणा द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.” सुभेदारांच्या खिशात ग्रॅच्युइटीच्या पैशातला चेक होता. मी म्हटलं, आधी बी-१ बघू. त्यात विकणाऱ्या भावाबरोबर दोन बहिणींची नावं होती. एजंट म्हणाला, “त्या नंतर सही करतील.” सुभेदार शांतपणे म्हणाले, “मग चेकही नंतर.” त्या सह्या काही आल्या नाहीत. चेक खिशातच राहिला.

आणखी दोन गोष्टी. रेराखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर तुमचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केलंय. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या, पावती घ्या. कागद आपल्या वकिलाला दाखवा. एजंटने सुचवलेल्या नव्हे.

चांगला एजंट या प्रश्नांनी रागावत नाही, उलट फाइल पुढे करतो. जो रागावतो किंवा घाई करतो, त्याला नमस्कार करा आणि पुढचं घर बघा. जय हिंद.