लेंडलर : खेड्यातून व्हिएन्नाला आलेले नृत्य



पाश्चात्त्य संगीत म्हटले की मोझार्ट, बेथोव्हेन ही नावे प्रथम ओठांवर येतात. त्यांची क्षमा मागून आम्ही आज एका खेडवळ नृत्याविषयी बोलणार आहोत.

एन्स नदीच्या पश्चिमेकडील ऑस्ट्रियन मुलुखास तेथील लोक ‘लांडल’ म्हणत. त्यावरून नाव पडले लेंडलर. तीन मात्रांचे, संथ आणि जड पावलांचे हे नृत्य. खिळे ठोकलेले बूट घालून पाय आपटावयाचे, जोडीदारणीला हाताखालून फिरवावयाचे. हे नृत्य शहरातील गुळगुळीत लाकडी जमिनीवर आले तेव्हा बूट हलके झाले, पाऊल उचलण्याऐवजी घसरू लागले आणि लय वाढली. वॉल्ट्झच्या पूर्वजांपैकी लेंडलर हा ठळक पूर्वज होय.

ते शहरात आले कसे? बरेचसे डॅन्यूब नदीवरून. लिंझकडील वादक होड्यांतून व्हिएन्नास येत आणि काठच्या खानावळींत वाजवीत. थोरला योहान स्ट्राउस १८०४ साली जन्मला तो अशाच एका खानावळवाल्याच्या पोटी. त्याचा सहकारी व पुढे प्रतिस्पर्धी योझेफ लानर याने तर आपल्या एका रचनेस ‘स्टायरियन नृत्ये’ असे उघड प्रांताचेच नाव दिले. स्ट्राविन्स्कीने १९११ च्या ‘पेत्रुश्का’त तिच्यातीलच सूर घेतले आहेत!

धाकटा स्ट्राउस मात्र व्हिएन्नातच जन्मला, वाढला. १८६३ पासून तो दरबारी नृत्यसभांचा संगीत-संचालक. लेंडलर हा त्याच्यापाशी केवळ ऐकीव वारसा. परगावी वाढणारी आपली मुले पाहिली की त्याने या वारशाचे काय केले, हे जाणून घ्यावेसे वाटते. १८६८ साली त्याने ‘व्हिएन्नाच्या वनातील कथा’ हा वॉल्ट्झ रचला. त्याच्या प्रारंभीच्या भागात एवढा मोठा वाद्यवृंद मागे सरतो आणि झिदर हे डोंगराळ मुलुखातील तंतुवाद्य पुढे येते. हे वाद्य मेजावर किंवा मांडीवर आडवे ठेवतात. उजव्या अंगठ्यातील नखीने सूर छेडतात, उरलेल्या बोटांनी साथीच्या तारा वाजवितात. त्यावर वाजतो तो साधा, सावकाश लेंडलर. त्याला दरबारी पोशाख चढविण्याच्या फंदात स्ट्राउस पडला नाही, यातच त्याची थोरवी आम्हांस दिसते.

झिदरवादक न मिळाल्यास व्हायोलिनादी वाद्यांवर हा भाग वाजविण्याची सोय आहे. ती सोय आम्हांस मुळीच रुचत नाही. सूर तेच राहतात, गाव नाहीसे होते.

आणखी एक गोष्ट. व्हिएन्नाचे वादक वॉल्ट्झची दुसरी मात्रा किंचित आधी घेतात. स्वरलिपीत हे लिहिलेले नसते. ते ऐकूनच शिकावे लागते. तबल्याच्या ठेक्यातील वजन जाणणाऱ्यांस अधिक सांगणे नको.

आता ध्वनिमुद्रण ऐकू या. शेवटाकडे झिदर पुन्हा एकवार येते, अगदी थोडा वेळ. तेवढे मात्र कान देऊन ऐकावे.